थांबणारी गाडीच वेगवान ठरते

चंदीगडहून पंचकुला, कालका आणि पुढे शिमल्याकडे निघालं की शहराच्या पूर्व टोकाला मनीमाजरा लागतं. ली कॉर्बुझिएने आखलेल्या काटकोनी सेक्टरांपेक्षा हे गाव कितीतरी जुनं. शहराच्या मूळ आराखड्यात तेरा हा क्रमांक वगळलेला होता. २०२० मध्ये तो मनीमाजऱ्याला मिळाला. लोकांच्या तोंडी मात्र मनीमाजराच आहे, आणि उत्तर भारतातल्या गाडीवेड्यांना ते ठाऊक आहे ते इथल्या मोटर मार्केटमुळे. पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठेत जातात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कोल्हापुरात काही घडवून घ्यायचं असेल तर उद्यमनगरात; त्याच ओढीने चंदीगड-पंचकुला-मोहालीचा गाडीवाला मनीमाजऱ्याला येतो. दरडोई मोटारींच्या बाबतीत चंदीगड देशात आघाडीवर असल्याने गिऱ्हाइकाला तोटा नाही. दर्शनी भागात चमकते ते मोठे अलॉय, जाड आवाजाचे एक्झॉस्ट, दिवे, स्पॉयलर, सबवूफर. आपली रोजची गाडी घेऊन एखाद्या बंदिस्त ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध धावावं असं ज्या हौशी चालकाच्या मनात येतं, त्याची तयारी बहुधा याच दर्शनी भागापासून सुरू होते. माझं म्हणणं असं की तिथे ती चुकीच्या टोकाने सुरू होते. घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत खर्च करण्याचा योग्य क्रम दुकानांच्या मांडणीच्या बरोबर उलटा आहे: आधी गाडीची तब्येत आणि ब्रेक, मग टायर, मग चालक, आणि इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी. हा केवळ सावधगिरीचा सल्ला नाही. वेळेचं गणित मांडलं तरी हाच क्रम निघतो.

आधी हा खेळ कोणता ते स्पष्ट व्हायला हवं. टाइम ट्रायलमध्ये गाड्या एकमेकींशी झुंजत नाहीत. प्रत्येक जण एकट्याने, किंवा इतरांपासून अंतर राखून, ठरलेला मार्ग पूर्ण करतो आणि सर्वांत कमी वेळाची फेरी मोजली जाते. इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श इथल्या टेकडीवर १९०५ पासून अशा चढाईच्या शर्यती होत आल्या आहेत; जपानमध्ये त्सुकुबाच्या सुमारे दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर एक मिनिटाच्या आत फेरी मारणं हे कितीतरी गॅरेजांचं वर्षानुवर्षांचं ध्येय होतं. भारतात मोटारशर्यतींचं नियमन ‘एफएमएससीआय’ ही संघटना करते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई, कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे इथले परिचित ट्रॅक. मनीमाजऱ्याला यातलं सर्वांत जवळचं बुद्ध सर्किट, तेही सुमारे ३०० किलोमीटरवर. ५.१२५ किलोमीटर लांबीच्या, १६ वळणांच्या या ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. त्याच डांबरावर, हौशी चालकांना ट्रॅक खुला असतो अशा ‘ट्रॅक डे’ला, एखादी स्विफ्ट किंवा पोलोही धावते. तिच्या मालकासमोर प्रश्न एकच असतो: हाताशी असलेल्या मोजक्या पैशांत फेरीचा वेळ सर्वाधिक कशाने घटेल?

बहुतेकांचं उत्तर असतं ताकद. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिमॅप करा, फिल्टर बदला, एक्झॉस्ट मोकळा करा, इंजिन दहा टक्के जास्त शक्ती देईल. ती मिळाली असं धरून चालू. पण वेळ दहा टक्क्यांनी घटतो का? उभी गाडी पूर्ण शक्तीने सुटली आणि हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवला, तर ठरलेलं अंतर कापायला लागणारा वेळ शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दुसऱ्या टोकाला, अतिवेगात जिथे जवळजवळ सगळी शक्ती हवा कापण्यातच जाते, तिथे गाठता येणारा कमाल वेगही शक्तीच्या घनमुळानेच वाढतो. म्हणजे कुठूनही पाहिलं तरी दहा टक्के जास्त शक्तीने सरळ पट्ट्यावरचा वेळ फार तर तीन टक्क्यांनी घटतो. ट्रॅकवर तर प्रत्येक सरळ पट्टा वळणातून बाहेर पडून, आधीच काही वेग घेऊन सुरू होतो, त्यामुळे फायदा आणखी कमी. शिवाय जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता, जास्त वेग म्हणजे पुढच्या वळणाआधी ब्रेकवर जास्त भार. ज्या गाडीचे ब्रेक तिसऱ्या फेरीतच हात टेकतात तिला ताकद देणं म्हणजे तिची सर्वांत दुबळी बाजू आणखी दुबळी करणं.

आता वळणाकडे पाहू. सपाट वळणातला कमाल वेग टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टी मुख्यतः ठरवतात. इंजिनाचा त्यात वाटा नाही. ५० मीटर त्रिज्येचं काटकोनी वळण घ्या. टायरचा घर्षणांक ०.९ असेल तर गाडी तिथे ताशी सुमारे ७६ किलोमीटरने जाऊ शकते, तो १.० झाला तर सुमारे ८० ने. ऐकायला फरक किरकोळ आहे, पण त्या एका वळणात सेकंदाचा पाचवा हिस्सा वाचतो. सोळा वळणांच्या ट्रॅकवर, सगळी वळणं सारखी नसतात हे धरूनही, बेरीज सेकंदांत जाते. त्यातच, वळणातून चार किलोमीटर जास्त वेगाने बाहेर पडलेली गाडी तो फायदा पुढच्या सरळ पट्ट्यावर सोबत घेऊन जाते. आणि चांगला टायर ब्रेक लावतानाही तितकीच मदत करतो. पट्टा सरळ असो वा वळणाचा, गाडीवर येणारं प्रत्येक बल शेवटी रबराच्या चार लहान तुकड्यांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. म्हणून टायरवरचा रुपया फेरीच्या प्रत्येक क्षणी कामाला येतो, तर इंजिनावरचा फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच.

पण टायरच्याही आधी ब्रेक, आणि याचं कारण उष्णता. चालकासकट ११०० किलो वजनाची गाडी ताशी १६० वरून ६० किलोमीटरवर आणायची तर सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत बदलावी लागते. यातला अंदाजे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांचे ब्रेक उचलतात. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली, तर या एकाच ब्रेकिंगने तिचं तापमान सुमारे १४० अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत ती थोडी निवते, पूर्ण नाही. तोवर दुसरा धक्का येतो. शहरात वर्षानुवर्षं निमूट काम करणारे साधे पॅड तीन-चारशे अंशांच्या आसपास दम सोडू लागतात, कारण त्यांना बांधून ठेवणारी रेझिन तापून वायू सोडते आणि पॅड-डिस्कमधलं घर्षण घसरतं. त्याहून घातक गोष्ट घडते ती ब्रेक ऑइलमध्ये. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. शिवालिकच्या पायथ्याच्या या पट्ट्यात एक-दोन पावसाळे काढलेलं ऑइल ट्रॅकवर नेणं हा वेळेचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो. आणि यावरचा उपाय कोणत्याही मिस्त्रीकडे एका दुपारचं काम आहे: ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा नीट काढणं, आणि उष्णता सोसणारे पॅड घालणं. मनीमाजऱ्यात मिळणाऱ्या सगळ्या सुधारणांत रुपयामागे एवढा परतावा देणारी दुसरी नाही.

ब्रेकवर विश्वास बसला की चालक उशिरा आणि पूर्ण जोराने ब्रेक लावू शकतो. तो विश्वास नसेल तर प्रत्येक वळणाआधी आपसूक राखीव अंतर ठेवतो. त्या राखीव अंतराची किंमत मोजता येते. गाडी ताशी १४४ किलोमीटरने येते आहे आणि तिला ६० वर उतरवायचं आहे. चालकाने गुरुत्वाच्या ०.७ पट मंदनाने ब्रेक लावला तर ९६ मीटर लागतात, ०.९ पटीने लावला तर ७५ मीटर. दुसरा चालक पहिल्यापेक्षा २१ मीटर पुढे जाऊन ब्रेक लावतो आणि त्या एका जागी सेकंदाचा पाचवा हिस्सा कमावतो. जोरदार ब्रेक लागणाऱ्या पाच-सहा जागा असतील तर फेरीमागे एक सेकंदाहून जास्त वेळ. गाडी तीच, टायर तेच, इंजिन तेच. उजव्या पायाला फक्त खात्री हवी की दरवेळी पेडल तेवढंच घट्ट लागेल.

टायरच्या बाबतीत नवा संच घेण्याआधी असलेल्याची नीट मशागत करता येते. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते कळतं. नक्षी शाबूत असली तरी जुनं, कडक झालेलं रबर पकड देत नाही. हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. ३० अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलेला टायर ७० अंशांवर गेला की त्यातला दाब ३८ पर्यंत चढतो. टायर फुगून मधल्या भागावर उभा राहतो आणि पकड घटते. म्हणून चांगलं प्रेशर गेज जवळ ठेवून ट्रॅकवरून आल्या आल्या, टायर गरम असतानाच दाब मोजायचा आणि त्यावरून थंड दाब ठरवायचा; आकडे वहीत उतरवायचे; परतीच्या प्रवासाआधी दाब पुन्हा कंपनीने सांगितलेल्या पातळीवर आणायचा. पुढच्या चाकांचा कॅम्बर किंचित ऋण केला, म्हणजे चाकाचा माथा थोडा आत झुकवला, तर वळणात गाडी कलल्यावर टायर सपाट टेकतो. हे अलाइनमेंटच्या दुकानात होतं, पण त्याआधी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि शॉकअप तपासून घ्यावे. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्याच वळणात बिघडतं. आणि मोठ्या अलॉयबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: चाकाचा व्यास वाढला की बहुधा वजन वाढतं. हे वजन फिरतं असल्याने गाडी पळवायला आणि थांबवायला जास्त ऊर्जा लागते. शिवाय ते स्प्रिंगच्या खालचं असल्याने खडबडीत जागी टायर जमिनीला चिकटून राहत नाही. दिसायला शर्यतीचं असलेलं चाक प्रत्यक्षात शर्यतीच्या विरुद्ध काम करतं.

उरलेली तयारी रुक्ष वाटेल, पण ट्रॅकवरून टो होऊन परतणाऱ्या गाड्या बहुधा याच रुक्ष कारणांनी परततात. लांब वळणात इंजिन ऑइल चेंबरच्या एका कडेला सरकतं आणि पंपाला हवा मिळू लागते. म्हणून ऑइल ताजं आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत हवं, त्याच्या वर नाही. पेट्रोल फार कमी असेल तर तोच प्रकार टाकीत होतो. कूलंट, रेडिएटरचा पंखा, होजची तोंडं, बॅटरीची पकड, चाकांच्या नटांचा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क, कुठेही गळतीचा माग नाही ना, हे सगळं निघण्याआधी पाहायचं आणि नटांचा टॉर्क चाकं गरम-थंड झाल्यावर पुन्हा तपासायचा. स्टेपनी, जॅक, पाना, सबवूफरचा खोका, दारातल्या बाटल्या आणि चालकाच्या पायाखालचं मॅट ट्रॅकवर जाण्याआधी काढून ठेवायचं. सुटं मॅट किंवा घरंगळणारी बाटली ब्रेक पेडलखाली अडकली तर कोणतीही सुधारणा कामाला येत नाही. आणि उतरवलेला प्रत्येक किलो पळताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा मदत करतो, तेही फुकट.

यावर एक आक्षेप सरळ येतो आणि तो वजनदार आहे. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे अशक्त गाडी फरपटतच जाणार, मग ताकद शेवटी कशी? हे खरं आहे की अशा ट्रॅकवर ताकदीचं मोल वाढतं, आणि जोरकस इंजिनाची गाडी आपल्या गटात वर येईल. पण तुलना करून पाहू. ११०० किलोची, चाकांपर्यंत ६० किलोवॉट पोचवणारी गाडी ताशी ६० ने वळणातून बाहेर पडून ६०० मीटरचा पट्टा कापते, असं हवेचा रोध वगळून ढोबळ गणित केलं, तर दहा टक्के जास्त शक्तीने सुमारे ०.४५ सेकंद वाचतात. त्याच पट्ट्यावर शक्ती न वाढवता ताशी ६० ऐवजी ६५ ने बाहेर पडलेला चालक सुमारे ०.३ सेकंद वाचवतो. पहिल्याला पैसे, उष्णता आणि वॉरंटीचा धोका लागतो. दुसऱ्याला फक्त वळणाची नीट निवडलेली रेषा आणि ॲक्सिलरेटरवर लवकर पण हळुवार गेलेला पाय. शिवाय दुसरा फायदा प्रत्येक वळणापाशी, प्रत्येक ट्रॅकवर आणि पुढच्या प्रत्येक गाडीत मिळत राहतो. ताकद निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. स्वस्त आणि टिकाऊ सेकंद आधी उचलावेत आणि महाग सेकंद नंतर, एवढंच म्हणणं आहे.

म्हणूनच तयारीत चालकाचा क्रमांक इंजिनाच्या खूप आधी लागतो. त्याला समजून घ्यायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे टायरची पकड ही एकच ठेव आहे आणि ब्रेक, वळण आणि वेग तिघेही तिच्यातूनच उचल करतात. या वाटणीचा हिशेब साध्या बेरजेचा नाही, वर्तुळाचा आहे. ऐंशी टक्के पकड ब्रेकसाठी वापरली तरी वळायला वीस नव्हे, तब्बल साठ टक्के शिल्लक राहते, कारण ०.८ आणि ०.६ यांच्या वर्गांची बेरीज एक होते. पण ब्रेकने शंभर टक्के घेतली असेल तर वळायला शून्य. नवशिक्या सरळ रेषेत ब्रेक पूर्ण सोडतो, मग वळतो, आणि या दोन्हींच्या मधले क्षण वाया घालवतो. किंवा घाबरून वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबतो आणि गाडी सरळच निघून जाते. मुरलेला चालक स्टीअरिंग जसजसं वळवतो तसतसा ब्रेक हळूहळू सोडत जातो, आणि बाहेर पडताना स्टीअरिंग जसजसं सुटतं तसतसा ॲक्सिलरेटर वाढवतो. पकड सतत पूर्ण वापरली जाते, तिच्यावर धक्का मात्र येत नाही. हे वाचून समजतं, पण अंगात उतरतं ते शेकडो वळणांनंतर, आणि कमी ताकदीच्या गाडीत लवकर उतरतं. जास्त ताकदीची गाडी वळणातली चूक पुढच्या सरळ पट्ट्यावर झाकून टाकते. कमी ताकदीची गाडी ती लगेच घड्याळावर दाखवते.

चालकाच्या शरीराची तयारीही गाडीइतकीच काटेकोर हवी. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर सहज टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. तरच हाताला आधारासाठी स्टीअरिंगला लटकावं लागत नाही आणि पायाला पूर्ण जोर लावता येतो. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. नजर बोनेटसमोर नव्हे, पुढे जिथे पोचायचं तिथे: ब्रेक लावण्याआधीच वळणाचा आतला टोकबिंदू, आणि तिथे पोचण्याआधीच बाहेर पडायची जागा. हेल्मेट मोटारशर्यतीच्या प्रमाणपत्राचं असावं. मोटारसायकलच्या हेल्मेटची आगीच्या दृष्टीने तपासणी झालेली नसते. चार-सहा पट्ट्यांचा हार्नेस बाजारात सहज मिळतो, पण त्यासाठी बनवलेली सीट, रोल केज आणि मानेला आधार देणारं उपकरण नसताना तो साध्या गाडीत बसवणं धोक्याचं आहे: धड जखडलं जातं आणि हेल्मेटच्या वजनासकट डोकं पुढे फेकलं जातं. मान वाचवणारं हान्स हे उपकरण रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात विकसित केलं, आणि फॉर्म्युला वनने ते २००३ पासून सक्तीचं केलं. पूर्ण संच जमेपर्यंत कंपनीचा तीन टेकूंचा पट्टाच बरा. शेवटचा मुद्दा उन्हाचा. उत्तर भारतात एप्रिलनंतर पारा चाळिशीकडे जातो आणि लांब बाह्यांच्या कपड्यांत, हेल्मेटमध्ये शरीर झपाट्याने पाणी गमावतं. तहान लागेपर्यंत थांबलं तर निर्णय आधीच मंदावलेले असतात. पाणी-मीठ आदल्या दिवसापासून, आणि झोप पुरेशी.

आता दुसरा आक्षेप. टाइम ट्रायलमध्ये एकच सर्वोत्तम फेरी मोजली जाते. मग सातत्यावर एवढा भर कशाला, जिवाच्या आकांताने एक फेरी मारली की झालं. पण ती एक फेरी येते कुठून? टायर योग्य तापमानाला आणि ब्रेक ताजेतवाने असतात अशा एक-दोनच फेऱ्या एका सत्रात मिळतात. त्या नेमक्या ओळखून वापरायच्या तर आधीच्या फेऱ्यांत ब्रेकच्या खुणा, गिअर आणि रेषा ठरलेल्या असाव्या लागतात. ज्याच्या पाच फेऱ्या एकमेकींपासून अर्ध्या सेकंदात आहेत, त्याला ब्रेकची खूण पाच मीटर पुढे नेली तर काय होतं ते घड्याळ सांगतं. ज्याच्या फेऱ्यांत चार सेकंदांचा चढउतार आहे, त्याला कुठल्याच प्रयोगाचं उत्तर मिळत नाही, कारण फरक बदलाने पडला की त्याच्याच चुकीने, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून पहिलं सत्र फक्त ट्रॅक समजून घेण्यासाठी, दुसरं एका वेळी एकच बदल करून पाहण्यासाठी, आणि जोराची फेरी त्यानंतर. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक आणि इंजिन निवू द्यायचं, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची; तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून राहिले की दोन्हींचं नुकसान होतं.

तिसरा आक्षेप खिशाचा. मोटर मार्केट दाराशी आहे, ट्रॅक ३०० किलोमीटरवर. तिथलं शुल्क, पेट्रोल, मुक्काम पाहता सराव हाच चैनीचा भाग नाही का? याला उत्तर असं की सराव म्हणजे फक्त मोठा ट्रॅक नव्हे. कार्टिंगमध्ये रेषा, नजर आणि ब्रेक सोडण्याची कला थोड्या खर्चात शिकता येते. कोल्हापुरात मोहिते कुटुंबाने उभारलेल्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आणि महानगर नसलेल्या त्या शहरातून ध्रुव मोहितेसारखे शर्यतपटू पुढे आले. गाड्यांवर आणि यंत्रांवर प्रेम करणाऱ्या गावाला सरावाची जागा मिळाली की काय होतं याचा तो पुरावा आहे. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर आखलेल्या छोट्या मार्गावर कमी वेगात घड्याळाविरुद्ध धावता येतं. चंदीगडला तर स्वतःची परंपरा आहे: सेंट जॉन्स शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेची ‘सजोबा’ रॅली इथली, आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड दे हिमालय’कडे जाणारी वाट याच शहराजवळून डोंगरात चढते. वेळ-वेग-अंतर प्रकारच्या रॅलीत उशिरा पोचण्याला दंड असतो तसा लवकर पोचण्यालाही; तिथे वेगापेक्षा घड्याळाची शिस्त, गाडीची निगा आणि शांत डोकं तपासलं जातं, आणि ती शिकवण टाइम ट्रायलला जशीच्या तशी लागू पडते. एका रिमॅपच्या आणि एक्झॉस्टच्या पैशांत यातलं बरंच काही जमतं.

कायद्याची बाजूही याच क्रमाकडे बोट दाखवते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणीपत्रातला तपशील वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलांवरचा दंड वाढला. ब्रेक ऑइल, चांगले पॅड, मूळ मापाचे चांगले टायर, अलाइनमेंट, नवे बुश हे सगळं देखभालीत मोडतं; त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. कानठळ्या बसवणारा एक्झॉस्ट आणि मापाबाहेरची चाकं घेऊन रस्त्यावर उतरलं की मात्र अडचण. म्हणजे घड्याळाला जे आवडतं ते बहुतांशी कायद्यालाही चालतं.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. अशा देशात हौशी लोकांना वेगात गाडी चालवायला शिकवणं जबाबदारीचं आहे का? ‘ट्रॅकवर शिकलेला रस्त्यावर सुरक्षित होतो’ हे नेहमीचं उत्तर मी देणार नाही, कारण त्याच्या विरुद्ध पुरावा आहे. नॉर्वेत १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. पुढच्या अभ्यासात तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. कौशल्याबरोबर फाजील आत्मविश्वास आला. यातून घ्यायचा धडा असा की ट्रॅकवरच्या कौशल्याला रस्त्यावर जागाच नाही, आणि प्रत्येक आयोजकाने, प्रत्येक प्रशिक्षकाने ते पहिल्या तासाला सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्याच कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण वेगाची ओढ कायद्याने नाहीशी होत नाही. चंदीगडच्या तरुणांचा गाड्या घेऊन फेऱ्या मारण्याचा प्रसिद्ध ‘गेडी रूट’, रात्रीचे मोकळे रस्ते, पंचकुल्याकडचे रुंद चौक हे तिला मिळणारे आजचे पर्याय. जिथे समोरून कुणी येत नाही, जिथे मार्शल झेंडा घेऊन उभे आहेत, रुग्णवाहिका तयार आहे आणि गाडी तपासल्याशिवाय आत सोडली जात नाही, अशी जागा त्या ओढीला द्यावी, एवढाच दावा मी करतो. तो मर्यादित आहे, पण पुरेसा आहे.

म्हणून मनीमाजऱ्याच्या बाजाराकडे मी तुच्छतेने पाहत नाही. उलट त्याच्याकडून मोठी अपेक्षा आहे. तिथल्या मिस्त्रींच्या हातात कसब आहे, अलाइनमेंटची यंत्रं आहेत, सुटे भाग तासाभरात मिळतात. त्यांनी गिऱ्हाइकाला आधी ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख विचारावी, टायरवरचे चार आकडे दाखवावेत, ढिला बुश हलवून दाखवावा, आणि मगच रिमॅपची गोष्ट काढावी. हौशी चालकाने पहिलं वर्ष मूळ इंजिनावरच काढावं: चांगले ब्रेक, चांगले टायर, एक गेज, एक वही आणि मिळतील तितकी वळणं. वर्षाअखेरीस त्याच्या फेऱ्या एकसारख्या येऊ लागल्या आणि सरळ पट्ट्यावरच तो मागे पडतो आहे असं वहीने सिद्ध केलं, तर ताकद विकत घ्यायला तो मोकळा आहे. तोवर ती विकत घेणं म्हणजे जो प्रश्न अजून पडलेलाच नाही त्याचं उत्तर विकत घेणं. घड्याळ कुणाची भीड ठेवत नाही, आणि या खेळाचं खरं मोल तेच आहे: आपल्या गाडीबद्दलचा आणि स्वतःबद्दलचा प्रत्येक समज तिथे दर फेरीला तपासून मिळतो.